शंभर मीटर खालचं फुलपाखरू

नाही, तो ड्रॉवर नको – तुमची हत्यारांची पिशवी इकडे खिडकीत ठेवा, तो ड्रॉवर अडकतो, एकदा उघडला की बंद होत नाही, म्हणून मी कोणाला हात लावू देत नाही. हं, इथे. बसा. स्टूल जरा डुगडुगतं, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, एकतीस वर्षं डुगडुगतंय आणि एकतीस वर्षांत मला पाडलेलं नाही. तर काय सांगत होते – हां, दोन दिसतात. एकाचे दोन. नेहमी नाही, कधीमधी. असं बघू नका माझ्याकडे, भाऊ, माझे डोळे तपासून झालेत, डॉक्टर म्हणाले या वयात असे डोळे क्वचित बघायला मिळतात. म्हणजे दोष ह्या मायक्रोस्कोपमध्येच असणार, दुसरीकडे कुठे असणार? खोलीत आम्ही दोघंच, मी आणि तो.

उघडा, सावकाश उघडा, घाई नाही. आज मला वेळच वेळ आहे. चार वाजता निरोप समारंभ आहे माझा, तोवर मला कोणी काम सांगणार नाही, सांगायचा धीरच होणार नाही कोणाला. थर्मासमध्ये चहा आहे, घ्या, बिस्किटं पण घ्या, मुद्दाम आणलीत. तुम्ही किती वर्षं येताय – नऊ ना? – नऊ वर्षांत तुमच्या तोंडून मी मोजून चौदा वाक्यं ऐकली असतील. मोजून म्हणजे खरंच मोजून, सवयच आहे ती. पायऱ्या मोजते, विजेचे खांब मोजते, कोणी शिंकायला लागलं तर शिंका मोजते. आमचे हे म्हणतात, तू लग्नातसुद्धा पाहुणे मोजत होतीस. होतेच. दोनशे बारा. जेवून गेले दोनशे चाळीस. ते वरचे अठ्ठावीस कुठून आले ते अजून कळलेलं नाही, आणि अजून मला त्याचं वाईट वाटतं.

नऊ वर्षं तुम्ही ह्याची भिंगं पुसताय, पण ह्यातून मी बघते तरी काय, हे एकदाही विचारलं नाहीत. बरोबर आहे, कुलूपवाला कुठे विचारतो कपाटात काय ठेवता म्हणून. पण आज सांगते, कारण उद्यापासून सांगायला इथे कोणी नसेल – माझ्या जागी माणूस येणार नाहीये, कॅमेरा येणार आहे. ह्या बरण्या बघा. पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं ना? पिऊ नका. समुद्राचं पाणी आहे, आयोडीन घातलेलं, म्हणजे आतलं काही सडत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. आणि आत असतं प्लँक्टन – नुसत्या डोळ्याला न दिसणारं, पाण्यात तरंगणारं, झाडाच्या जातीचं, उजेडावर जगणारं. समुद्रातले मासे जगतात ते शेवटी ह्यांच्याच जिवावर, असं आमचे साहेब प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि पाहुणे प्रत्येक वेळी अरे वा म्हणतात. तर वर्षातून चार वेळा जहाज जातं, ठरलेल्या जागी थांबतं, आणि बारा बाटल्यांचं एक कडं दोरीने खाली सोडतात. जाताना बाटल्या उघड्या असतात आणि वर येताना एकेक करून बंद होतात – हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे – म्हणजे पहिली बाटली बंद होते ती सगळ्यात खाली, शंभर मीटरवर, आणि बारावी अगदी वर. एक नंबर तळाचा, बारा नंबर वरचा. बाहेरच्या माणसाला नेहमी उलटं वाटतं. मी काही जहाजावर जात नाही, बोटीचं नाव काढलं तरी मला मळमळतं. पाणी बरण्यांत भरून खोक्यातून माझ्याकडे येतं, बरणीवर नुसता नंबर, आणि नंबर बघून किती मीटरचं पाणी ती चिठ्ठी मी त्या नंबरावरच चिकटवते. मग थोडं पाणी ह्या चकतीत ओतायचं, तळाशी बसू द्यायचं, आणि मोजायचं. ही आली, टक. ती आली, टक. एकशे चोवीस फेऱ्या, फेरीला बारा बरण्या, चौदाशे अठ्ठ्याऐंशी. सगळ्या ह्या दोन डोळ्यांखालून गेल्यात.

त्यात मुख्य दोघी. त्यांची खरी नावं लांबलचक आहेत, साहेबांनाच उच्चारता येतात, मी एकीला डबी म्हणते आणि एकीला शेपटी. डबी गोल, झाकणाच्या डबीसारखी, पोटात तेलाचा थेंब, म्हणून वर तरंगते. शेपटीला शेपटी आहे, ती पोहत पोहत खाली जाते. आता गंमत अशी की समुद्रात उजेड येतो वरून आणि जेवण येतं खालून – जेवण म्हणजे खत, ते तळाकडून हळूहळू वर झिरपत येतं. डबीला उजेड लागतो भरपूर, जेवणाचं तिचं काही नाही, चतकोरात भागवते. शेपटीचं उलटं, तिला अंधार चालतो पण ताट भरलेलं लागतं. तुम्ही म्हणाल, मग बरंच आहे की, एक वर राहील, एक खाली राहील, भांडण कसलं? तुमच्या घरात दोन जावा नाहीत वाटतं. मी अठरा वर्षं काढलीत जावेबरोबर. एक खिडकीशी बसणारी, एक स्वयंपाकघरात. वरवर दोघींचं छान. पण खिडकीतली ऐसपैस बसली की आत अंधार, आणि आतलीने आधी वाढून घेतलं की खिडकीपर्यंत काय पोचतं ते देवालाच ठाऊक. तोंडावर भांडण एकदाही नाही. एकीने उजेड अडवायचा, दुसरीने ताट. मी खिडकीतली होते. आणि चूक तिचीच होती, हे मी आजही सांगेन.

ह्या असल्या भांडणाचं कोणी गणित मांडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण चार वर्षांपूर्वी एक मुलगी आली, इथून तिसऱ्या खोलीत बसते, आता एकोणतीसची आहे, केस कायम पेन्सिलीने बांधलेले – रबर नाही, क्लिप नाही, पेन्सिल, आणि मग दिवसभर पेन्सिल शोधत फिरते. मी तिला गणितवाली म्हणते. पहिल्या दिवशी आली आणि म्हणाली, मावशी, तुमचे आकडे हवेत, सगळ्या वर्षांचे, मॉडेल करायचंय. मला रागच आला. म्हटलं, आम्ही डोळे फोडून मोजायचं आणि हिने कॉम्प्युटरमध्ये बसल्या जागी खोटा समुद्र करायचा. पण पोरगी चिवट. रोज इथे येऊन बसायची, तुम्ही बसलात त्याच स्टुलावर, ती मात्र दोनदा पडली. मीच तिला ते जावांचं सांगितलं, तर पठ्ठीने तसंच्या तसं मांडलं. समुद्राचे मीटर-मीटरचे शंभर काप केले, एकावर एक. प्रत्येक कापात विचारायचं – वरच्यांनी खाऊन उजेड किती उरला, खालच्यांनी खाऊन जेवण किती उरलं, आणि त्या दोन्हीत जे कमी पडेल तेवढीच इथली वाढ. एका कापाचं उत्तर शेजारच्या कापाला द्यायचं. असे शंभर काप आणि असे दिवसामागून दिवस. तिच्या कॉम्प्युटरमध्ये अजूनही लिहिलेलं आहे, जाऊ एक, जाऊ दोन. साहेबांनी विचारलं हे काय, तर म्हणाली, संज्ञा आहे सर.

आणि जमलं हो. मी कोणाचं उठसूट कौतुक करणारी नाही, आमच्या ह्यांना विचारा, पण जमलं. ती तिकडून सांगायची, मावशी, ह्या फेरीत डबी बारा मीटरवर गर्दी करणार आणि शेपटी साठला, आणि मी वही उघडून बघायचे तर तसंच. मला भीतीच वाटायची, म्हटलं हिने माझी वही चोरून वाचली की काय. एकशे चोवीस फेऱ्यांतल्या एकशे तेवीस जुळल्या. एक नाही जुळली.

एकच. पाच वर्षांपूर्वीची, त्या वर्षातली तिसरी. तिच्यात माझी वही म्हणते डबी तळाला आणि शेपटी वर, दोघी सरळ जागा बदलून बसलेल्या. मॉडेल काही केल्या तसं दाखवेना. साहेब मात्र खूश. म्हणाले, निसर्गाने काहीतरी नवीन केलंय, मॉडेलला ते पकडता आलं पाहिजे. निसर्गाने म्हणे. मग ही बसली. आधी वादळ घातलं, पाणी ढवळून बघितलं. नाही. मग डबीच्या पोटातलं तेल काढलं. नाही. मग दोघींना खाणारे किडे घातले, मग रोग घातला. एका फेरीपायी दोन वर्षं गेली, भाऊ, दोन वर्षं. आणि ती एक कशीबशी जुळली की बाकीच्या एकशे तेवीस बिघडायच्या. पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे. आता तिचं म्हणणं, मला हे येतच नाही. टेबलाखाली खोकं आणून ठेवलंय सामान भरायला. पत्रही लिहिलंय सोडून जातेय म्हणून, मी वाचलं – उघडंच होतं, म्हणजे घडी होती, पण सैल घडी. साहेबांना देणार आहे संध्याकाळी, माझा कार्यक्रम आटोपल्यावर. आधी का नाही? तर मावशींच्या दिवशी कोणाचं तोंड उतरलेलं दिसायला नको.

तर भाऊ, तुमचा तो कागद असतो ना, सर्व्हिस रिपोर्ट. त्यात एक रकाना आहे, दोष काय. आणि शेजारी, दोष कधीपासून. मला पाठ आहे तो कागद, दरवर्षी सही करते. तिथे आपलं लिहून टाकायचं, भिंगाची बैठक ढिली. आणि कधीपासून, तर अंदाजे पाच वर्षं. अंदाजे नक्की लिहा, फार चांगला शब्द आहे तो. मग साहेब म्हणतील, असं होय, मग त्या फेरीची मोजणी भरवशाची नाही, टाका काढून. फेरी गेली की मुलीचं गणित सुटलं, पत्र फाडलं, खोकं रिकामं. सापही मेला आणि काठीही मोडली नाही. तुम्हाला दोन ओळी लिहायच्यात, आणि यंत्राला काय होतंय, त्याला थोडाच आज निरोप समारंभ आहे.

काय झालं? असं काय बघताय? – बरं, मान्य, एकाच फेरीपुरतं ढिलं झालं आणि परत आपोआप घट्ट झालं, हे जरा विचित्र वाटतं. आणि ढिल्या भिंगाने तळाचं पाणी वर कसं जाईल, हेही मान्य. पण मायक्रोस्कोप तसाही उलटंच दाखवतो की नाही? डावं उजवीकडे, वरचं खाली. आमचा तर जातीचाच उलटा, दिवा वर आणि भिंग चकतीच्या खाली. जिथे मुळातच सगळं उलटं, तिथे एका फेरीचं काय घेऊन बसलात. – हसलात. हसलात ना आत्ता? नऊ वर्षांत पहिल्यांदा. हे मी वेगळं मोजून ठेवते.

अहो, ती चकती नका काढू, ती तशीच राहू द्या. बघितलंत वाटतं त्यातून. बघणारच, तुमचं कामच ते. काय दिसलं? – पंख्यासारखं? हां, ते काही नाही, कचरा असतो असा. – हो, पुष्कळ आहेत, कचरा पुष्कळच असतो. – जाऊ द्या. तुम्हाला कशाला फसवू, तुम्ही कोणाशी बोलत तर नाही. फुलपाखराच्या पंखावरचे खवले आहेत ते. आपण फुलपाखराला धरलं की बोटाला भुकटी लागते ना, ती भुकटी म्हणजे हे. वारा किनाऱ्यावरून उडवून नेतो, पाण्यावर पडतात, तरंगत राहतात. बारा नंबरच्या बरणीत, वरच्या पाण्यात, हटकून सापडतात. एखादा बुडतो, नाही असं नाही – शंभर मीटरच्या सगळ्या बरण्यांत मिळून मला एकतीस वर्षांत चार सापडले. ह्या एका बरणीत सात आहेत. वाचा बरणीवर काय लिहिलंय. शंभर मीटर. अक्षर माझं.

कळलं तुम्हाला. चेहऱ्यावर दिसतंय. मग आता सगळंच ऐका, अर्धवट कळलेलं बरं नसतं. पाच वर्षांपूर्वी जहाजावर एक नवे इंजिनियर आले. त्यांनी आल्या आल्या पत्र काढलं, यापुढे एक नंबर वरचा आणि बारा नंबर तळाचा, लोकांना समजायला सोपं. लोकांना. समुद्राखाली कोणते लोक नंबर वाचायला जातात? माझं डोकं फिरलं. मी साहेबांना म्हटलं, मधल्या काळात एखादं खोकं जुन्या नंबरांचं येईल आणि चिठ्ठ्या लागतील नव्या पद्धतीने, मग काय कराल? ते म्हणाले, असं कसं होईल. मी म्हटलं, थांबा, दाखवते. नुकतंच एक खोकं आलं होतं. त्यातल्या बाराच्या बारा बरण्यांच्या चिठ्ठ्या मी काढल्या, वाफेवर धरून, अलगद, एकही फाटू न देता, आणि त्यांच्या जागी नव्या पद्धतीने उलट आकड्यांच्या नव्या चिठ्ठ्या लिहून लावल्या. बरण्या नेल्या बैठकीत, मांडल्या ओळीने, आणि म्हटलं, बघा, हा तुमचा समुद्र डोक्यावर उभा आहे, उद्या हे खोकं कोणी असंच्या असं मोजलं तर? – हे मी म्हटलं, भाऊ, ह्याच तोंडाने. इंजिनियरांनी पत्र मागे घेतलं. साहेबांनी चहा मागवला. मी इतकी खुशीत होते, इतकी खुशीत, की त्या दिवशी घरी जाताना पायऱ्या मोजायच्या राहिल्या. आणि चिठ्ठ्या बदलायच्याही राहिल्या.

खोकं फळीवर गेलं. चार महिन्यांनी त्याचा नंबर लागला. मोजायला घेतलं तर डबी तळाला. खटकलं का? खटकलं. दोनदा मोजलं. पण मोजणीत काही चूक नव्हती, मग मी म्हटलं, आपला आकडा तर चुकत नाही, म्हणजे समुद्रच चुकला असणार. अशी मी बाई. विसरूनच गेले ते सगळं. आणि तीन आठवड्यांपूर्वी, जायचं आता म्हणून तो ड्रॉवर आवरायला घेतला, तर आतल्या बाजूला ओळीने चिकटवलेल्या बारा चिठ्ठ्या. परत लावायच्या म्हणून मीच जपून ठेवलेल्या. छान सरळ ओळीत. मग कपाटातून ही बरणी काढली, खवले सापडले, आणि शंकेला जागा राहिली नाही. तेव्हापासून तो ड्रॉवर अडकतो.

मग सांगून टाकायचं होतं, असं म्हणताय ना? म्हणत नाही, पण म्हणताय. क्लार्कच्या कपाटात डोकावून या एकदा. आज मला द्यायची लाकडी पाटी आहे, त्यावर पितळेचा पत्रा, पत्र्यावर कोरलंय – एकतीस वर्षं, एकही आकडा चुकला नाही. कोरलंय हो. लिहिलं असतं तर खोडता तरी आलं असतं. मला दुसरं येतं काय, भाऊ? पोहता येत नाही, बोटीत बसवत नाही, चारचौघांत गोड बोलता येत नाही. हे एक होतं. आमच्या ह्यांना पण सांगितलेलं नाही, ह्यांच्या पोटात काही राहत नाही. आणि सगळ्यात जास्त काय बोचतं सांगू? मागच्या आठवड्यात साहेबांनी स्वतःच तिला विचारलं, मोजणीतच तर चूक नसेल? मी दाराबाहेर होते. ही मुलगी साहेबांपुढे धड खुर्चीत टेकत नाही, ती ताडकन म्हणाली, मावशींचा आकडा चुकत नाही सर, माझंच काहीतरी चुकतंय. वादळावर संशय घेतला, किड्यांवर घेतला, स्वतःवर घेतला, माझ्यावर नाही घेतला. मी इथे येऊन रडले. खरं सांगते, ह्याच टेबलावर डोकं ठेवून रडले. आणि मग डोळे पुसून तुमच्या ऑफिसला फोन केला, की एकाचे दोन दिसतात.

म्हणून म्हणते, दोन ओळी लिहा – अरे, लिहिताय? लिहिताय की. मला वाटलं नव्हतं तुम्ही – भिंगाची बैठक, बरोबर, ढिली. अंदाजे पाच वर्षं. किती सुंदर अक्षर आहे तुमचं. देव तुमचं भलं करो, आणखी एक बिस्किट घ्या. हे काय, यंत्र आडवं कशाला केलंत? हां, यंदाचा स्टिकर लावायचा बुडाला. लावा. – अगंबाई, एवढे स्टिकर आहेत ह्याच्या बुडाला? मी कधी बघितलेच नाहीत, मी आपली वरून बघणारी. एक, दोन, तीन – नऊ. प्रत्येकावर तारीख. हा बघा, पाच वर्षांपूर्वीचा. तपासले, ठीक आहे. आणि खाली सही. हा चार वर्षांपूर्वीचा, तपासले, ठीक आहे, सही. सही कोणाची ही? ह्या कागदावर आहे तीच. तुमची.

थांबा. थांबा जरा, पेन खाली ठेवा. म्हणजे पाच वर्षं ढिलं होतं असं आज लिहिलंत, तर ह्या सगळ्या सह्या खोट्या ठरल्या. कागद तुमच्या ऑफिसात जाणार, तिथे कोणीतरी जुने कागद काढून बघणार, आणि म्हणणार, हा माणूस पाच वर्षं न तपासता सह्या ठोकतोय. आणि तुम्हाला हे माहीत होतं. मघापासून माहीत होतं, आणि तरी लिहीत होतात. एक शब्द न बोलता. का? मी रडले म्हणून? दोन बिस्किटांसाठी तर नाही ना? – नका सांगू. तुम्ही सांगणारही नाही. मला लाज वाटतेय, भाऊ. भरसभेत त्या इंजिनियरांना चुकांबद्दल शिकवत होते मी, आणि आता काय करत होते? माझ्या बरणीवरची चिठ्ठी काढून तुमच्या बरणीवर लावत होते. वाफेवर धरून, अलगद.

तो कागद द्या इकडे. द्या म्हणते ना. – हा फाडला. आता नवा घ्या आणि मी सांगते तसं लिहा. दोष काय: काही नाही. कधीपासून: तिथे आडवी रेघ मारा. यंत्र उत्तम. खाली शेरा लिहायला जागा आहे, पण तो तुम्ही नका लिहू, तो माझ्या वहीत जायचाय, त्या फेरीच्या पानावर. आणा, सही करते. आणि तुमचा दहावा स्टिकर लावा त्या नऊंच्या शेजारी, सरळ लावा.

ऐका – पावलं. तीच आहे, तिची चप्पल दर चौथ्या पावलाला वाजते. तुम्ही आपली पिशवी भरा. – ये गं, ये आत. काय, बरण्यांच्या कपाटाची किल्ली द्यायला आलीस? टेबलावर ठेव. नाही, ठेवू नको, तुझ्याजवळच राहू दे. हे मायक्रोस्कोपचे भाऊ, ह्यांना लाजू नको, हे बोलत नाहीत. बस, सांभाळून, डुगडुगतं ते. डोळा लाव. काय दिसतंय? – डबी आहेच, ती बाजूला ठेव. दुसरं काय? – बरोबर, खवले. मोज किती. – सात. शाबास. आता ही बरणी घे आणि चिठ्ठी वाच. मोठ्याने वाच. – हं. फुलपाखरं शंभर मीटर खोल जातात का गं? विचार तुझ्या मॉडेलला. – नाही ना जात? मग ते वादळ काढून टाक. किडे काढ, रोग काढ, डबीचं तेल तिचं तिला परत दे. एकशे चोवीसच्या एकशे चोवीस जुळतात तुझ्या, कधीपासूनच्या जुळतात. – माझ्याकडे असं बघू नको. मी आधी सांगायला हवं होतं, तीन आठवडे उशीर केला मी, आणि ते चार ओळींचं पत्रही वाचलं, त्यावर आपण नंतर भांडू.

भाऊ, तुम्ही निघा आता. पुडा घेऊन जा तो, राहिलेली सहा बिस्किटं आहेत. आणि जाताना क्लार्कला सांगा, पाटी द्यायची तर पत्रा काढून दे म्हणावं, लाकूड चांगलं आहे. दार ओढून घ्या. – हं. आता तो ड्रॉवर उघड. तोच गं. – नाही, अडकत नाही तो. कधीच अडकत नव्हता. ओढ.